गुरूचे ऋण आणि शिष्याचा विवेक

उद्योगात नव्याने पाऊल टाकणाऱ्या तरुणाला जाणता मार्गदर्शक लाभावा, हे सर्वांनाच मान्य आहे. परंतु त्याच्याकडून नेमके काय घ्यावे आणि त्याच्यामागे कोठवर जावे, याचा विचार क्वचितच होतो. या दृष्टीने अमेरिकेतील पोलाद उद्योगाचा अध्वर्यू अँड्र्यू कार्नेगी याचे चरित्र उद्बोधक ठरावे.

स्कॉटलंडमधील डनफर्मलिन येथे १८३५ साली एका विणकराच्या घरी कार्नेगीचा जन्म झाला. वाफेच्या मागांपुढे हातमाग टिकेना, तेव्हा १८४८ मध्ये या कुटुंबाने अमेरिकेची वाट धरली. सूतगिरणीत पडेल ते काम करणारा हा मुलगा तारा पोचवता पोचवता तारयंत्र चालवण्यात निष्णात झाला. पेनसिल्व्हेनिया रेल्वेचा अधिकारी टॉमस स्कॉट याने १८५३ मध्ये त्याला दरमहा ३५ डॉलरवर हाताखाली घेतले.

गुरू लाभला तो असा. मात्र त्याचा विश्वास शिष्याला कर्तबगारीने मिळवावा लागला. एकदा अपघातामुळे गाड्या खोळंबल्या असता स्कॉट कचेरीत नव्हता. कार्नेगीने त्याच्या नावाने तारेवर आज्ञा सोडल्या व वाहतूक सुरळीत केली. अधिकाराबाहेरचे हे धाडस स्कॉटने चालवून घेतले आणि पुढे त्याच्यावर अधिकाधिक जबाबदारी सोपवली. १८५९ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, कार्नेगी पिट्सबर्ग विभागाचा अधीक्षक झाला.

भांडवल गुंतवण्याचा पहिला धडाही स्कॉटनेच दिला. त्यातील सारेच निष्कलंक नव्हते. रेल्वेला पूल पुरवणाऱ्या कंपनीत रेल्वेच्याच अधिकाऱ्यांनी भागधारक व्हावे, हे आजच्या नीतिनियमांत बसणार नाही. तथापि या उमेदवारीतून मिळालेली खरी शिदोरी वेगळीच होती. प्रत्येक कामावर किती खर्च होतो याची काटेकोर नोंद ठेवण्याची रेल्वेची शिस्त कार्नेगीने आत्मसात केली आणि पुढे ती पोलादाच्या भट्टीपर्यंत नेली. प्रतिस्पर्ध्यांपेक्षा स्वस्त रूळ विकण्याचे त्याचे सामर्थ्य बऱ्याच अंशी या हिशेबात होते.

कसोटीचा क्षण १८७३ च्या आर्थिक अरिष्टात आला. टेक्सास अँड पॅसिफिक रेल्वेच्या उभारणीत स्कॉट कर्जात रुतला व त्याने शिष्याला जामीन राहण्याची गळ घातली. कार्नेगीचा पोलाद कारखाना त्या वेळी उभा राहत होता आणि त्यात इतर भागीदारांचाही पैसा होता. त्याने नकार दिला. वीस वर्षांचा स्नेह दुरावला. १८७५ मध्ये कारखाना सुरू झाला. १८८१ मध्ये स्कॉट निवर्तला. १९०१ मध्ये कार्नेगीने आपला व्यवसाय ४८ कोटी डॉलरना विकला.

हा नकार म्हणजे कृतघ्नता, असे कोणी म्हणेल. पण मानेवर उपकाराचे ओझे आहे म्हणून दुसऱ्यांचे भांडवल पणाला लावण्याचा अधिकार कोणत्याही उद्योजकाला नसतो. आपल्याकडे गुरूचा शब्द मोडणे पाप मानण्याचा संस्कार खोल आहे, म्हणून हे स्पष्टपणे सांगणे अगत्याचे वाटते. मार्गदर्शकाची शिस्त आयुष्यभर सांभाळावी. त्याच्या कर्जरोख्यावर सही करण्यापूर्वी मात्र त्याच शिस्तीने हिशेब मांडून पाहावा. कार्नेगीने नेमके तेच केले, आणि त्याची किंमत म्हणून एक जिवलग गमावला.