शितावरून भाताची परीक्षा : प्रशांतचंद्र महालनोबिस

शितावरून भाताची परीक्षा, ही म्हण आपण सहज वापरतो. पण शीत कोणतं उचलायचं? वरचं की तळाचं? या प्रश्नासाठी प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी आयुष्य वेचलं.

त्यांचा जन्म २९ जून १८९३ रोजी कोलकाता येथे झाला. केंब्रिजला शिकून १९१५ मध्ये ते परत निघाले, तेव्हा महायुद्धामुळे बोटीला उशीर झाला. त्या मोकळ्या दिवसांत ‘बायोमेट्रिका’ हे संख्याशास्त्राचं नियतकालिक हाती आलं. त्यांनी सगळे खंड विकतच घेतले! पुढे प्रेसिडेन्सी कॉलेजात ते भौतिकशास्त्र शिकवत, पण जीव आकड्यांत रमलेला. १९३१ मध्ये त्यांनी भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली.

खरी कसोटी लागली ती बंगालच्या तागाच्या पाहणीत. १९३७ पासून हे काम सुरू झालं. तिथे कायमधारा पद्धत असल्यामुळे आपल्या तलाठ्यासारखा गावोगाव पीक नोंदवणारा माणूसच नव्हता. ताग किती पेरला हे कुणालाच नीट ठाऊक नसे. प्रत्येक शेत मोजायचं तर पैसा आणि माणसं कुठून आणायची? महालनोबिसांनी नकाशावर चिठ्ठ्या टाकल्यासारखे चौकोन निवडले आणि तेवढेच मोजायला माणसं पाठवली. आधी छोट्या पाहण्या करून खर्च, वेळ यांचा अंदाज घेतला.

पण मोजणारा माणूसच चुकला तर? झाडाखाली बसून आकडे भरले तर? यावर त्यांची युक्ती मला सर्वांत आवडते. एकाच भागासाठी दोन वेगळे नमुने काढायचे आणि दोन वेगळ्या तुकड्यांना द्यायचे. एकीचं काम दुसरीला कळू द्यायचं नाही. दोघींचे आकडे फारच वेगळे आले, की कुठेतरी पाणी मुरतंय हे लगेच कळतं.

त्यांच्या पद्धतीतही उणीव निघाली, आणि ती दाखवली आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावच्या पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी. उत्पन्न काढण्यासाठी महालनोबिस शेतातला अगदी लहान तुकडा कापून वजन करत. सुखात्मे यांनी दाखवलं की तुकडा लहान असला की कडेवरची रोपं नकळत आत धरली जातात आणि उत्पन्न फुगतं. म्हणून तुकडा मोठा हवा. धान्यटंचाईचे दिवस होते. कागदावर फुगलेलं पीक कुणाच्या पोटात जाणार? दोघांत बरीच वर्षं वाद चालला. या मुद्द्यावर सुखात्मे बरोबर होते असं मला वाटतं.

१९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली, तीही महालनोबिसांच्याच पुढाकाराने. कुटुंब काय खातं, कशावर किती खर्च करतं, हे घरोघरी जाऊन विचारणं तेव्हापासून नियमित झालं. १९६८ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. २८ जून १९७२ रोजी, एकोणऐंशीव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, ते गेले. २००७ पासून २९ जून हा देशात सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो.