सिंहगडाचा कडा आणि ‘वीरधवल’ची घोडदौड

कंधार, औसा आणि उदगीरचे किल्ले अंगाखांद्यावर बाळगणाऱ्या नांदेड-लातूर परिसराला गुप्त वाटा, भुयारे आणि तलवारींच्या खणखणाटाच्या कथांचे वेड नवे नाही. मराठीत अशा अद्भुतरम्य कथांची गोडी अनेक पिढ्यांना लावली ती ‘वीरधवल’ या कादंबरीने. मध्ययुगीन वातावरणातील ही साहसकथा किशोरवयीन वाचकांनी अक्षरशः उराशी कवटाळली. मात्र तिचा लेखक स्वतःच्या पायांवर उभाही राहू शकत नव्हता, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

द्वारकानाथ माधवराव पितळे हे त्यांचे नाव. ‘नाथमाधव’ हे टोपणनाव. ३ एप्रिल १८८२ रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. कुलाब्याच्या तोफांच्या कारखान्यात ते नोकरीस होते. शिकारीचा त्यांना शौक होता. १९०५ मध्ये शिकारीनिमित्त सिंहगडावर गेले असता ते कड्यावरून कोसळले आणि कमरेखालचे शरीर कायमचे लुळे पडले. तेव्हा त्यांनी वयाची तेविशीही ओलांडलेली नव्हती.

अपंगांसाठी ना विशेष सवलती, ना पुनर्वसनाची सोय, असा तो काळ. कमावत्या तरुणाने परावलंबी होऊन दिवस कंठावेत, एवढेच समाजाला अपेक्षित होते. उपचारांच्या काळात नाथमाधवांनी ग्रंथांची सोबत धरली. वाचनातून लेखन सुरू झाले आणि १९०८ मध्ये ‘प्रेमवेडा’ ही त्यांची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली.

१९१३ मध्ये ‘वीरधवल’ आली. रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराच्या कथानकाचा तिला आधार होता. पण नाथमाधवांनी तिला दिलेला पेहराव अस्सल मराठी होता. ‘डॉक्टर’सारख्या कादंबरीत ते सामाजिक प्रश्नांकडे वळले. पुढे १९२१ च्या ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’पासून त्यांनी शिवकालावरील कादंबऱ्यांची मालिकाच उभी केली. ज्या डोंगरी किल्ल्याने त्यांचे पाय हिरावून घेतले, त्याच गडकोटांच्या जगात त्यांची लेखणी रमली. त्यांच्या लेखनात त्या आघाताची कटुता नव्हती.

समीक्षकांनी हरिभाऊ आपट्यांच्या तुलनेत त्यांना दुय्यम स्थान दिले. घटनांची रेलचेल आणि योगायोगांची गर्दी हे त्यांच्या लेखनातील दोष खरेच आहेत. तथापि, वाचनालयांत त्यांच्या पुस्तकांची पाने झिजली, ती याच वेगवान कथनामुळे.

२१ जून १९२८ रोजी वयाच्या ४६ व्या वर्षी नाथमाधवांचे निधन झाले. लेखनाची जेमतेम वीस वर्षे त्यांच्या वाट्याला आली. अपंग मुले-मुली गोष्टींत दयेचे धनी न ठरता नायक-नायिका व्हाव्यात, अशी अपेक्षा आज बालसाहित्याकडून केली जाते. वर्गातल्या बाकावर किंवा चाकांच्या खुर्चीत बसून ‘वीरधवल’ वाचणाऱ्या मुलांना तिच्या लेखकाची ही कहाणीही सांगितली पाहिजे. ती कादंबरीइतकीच साहसाची आहे.