कविवर्य मोरोपंत

शब्दकोड्याच्या सर्व चौकटी भरल्या म्हणजे काम संपले, असे आपणांस वाटते. परंतु काही कोड्यांत खरे उत्तर कोणत्याच चौकटीत नसते. भरलेल्या शब्दांवरून ते ओळखावे लागते. काव्यात अशी कोडी घालणारे थोर पुरुष म्हणजे मोरोपंत होत.

मोरेश्वर रामजी पराडकर यांचा जन्म १७२९ साली पन्हाळगडावर झाला. घराणे मूळचे कोकणातील सौंदळचे. पाध्ये बंधूंपाशी अध्ययन करून ते बारामतीस नाईकांच्या आश्रयास राहिले. तेथे त्यांनी संपूर्ण महाभारत आर्यावृत्तात रचिले. त्यांनी १०८ रामायणे लिहिली, अशी प्रसिद्धी आहे.

मंत्ररामायणात त्यांनी रामनामाचा मंत्र अक्षरशः गुंफिला. निरोष्ठ रामायणात तर ओठांनी उच्चारावयाची प, फ, ब, भ, म ही अक्षरेच वर्ज्य केली. पण ‘म’ गेला की ‘राम’ही गेला! ज्याची कथा, त्याचेच नाव नाही. ते वाचकाने मनात घ्यावयाचे.

ही केवळ शब्दांची कसरत, असा आक्षेप पुष्कळांनी घेतला. आम्हांसही विद्यार्थिदशेत तसेच वाटे. पण उतारवयातील ‘केकावली’ वाचली आणि आमचे मत पालटले. केका म्हणजे मोराची आर्त हाक. आणि देवाला हाक मारणारा हा मोर म्हणजे स्वतः मोरोपंत! कोडे येथेही आहे, पण त्याचे उत्तर म्हणजे भक्ताचे हृदय आहे.

१७९४ साली बारामतीस ते निवर्तले. विद्यार्थिमित्रहो, त्यांचे काव्य वाचताना अर्थ लागला म्हणून लगेच पान उलटू नका. काय लपले आहे, तेही शोधा.