विश्लेषण : पोप लिओ ज्यांचा वारसा सांगतात, ते संत ऑगस्टीन कोण होते?

मे २०२५ मध्ये निवडून आलेले पोप लिओ चौदावे यांनी पहिल्याच भाषणात स्वतःची ओळख संत ऑगस्टीन यांचे पुत्र अशी करून दिली. ते ऑगस्टिनियन धर्मसंघाचे आहेत. हा धर्मसंघ तेराव्या शतकातला, ऑगस्टीन त्याच्या आठ शतके आधीचे. जुन्या गोव्याला जाऊन आलेल्यांना हे नाव तिथल्या पडक्या मनोऱ्यामुळे ठाऊक असते. तो याच धर्मसंघाच्या चर्चचा अवशेष. मात्र, ज्यांच्या नावाने तो ओळखला जातो, त्यांच्याविषयी फारशी माहिती नसते.

संत होण्याआधीचे आयुष्य कसे होते?

ऑगस्टीन यांचा जन्म इ.स. ३५४ मध्ये आजच्या अल्जीरियातील थागास्ते येथे झाला. आई मोनिका श्रद्धाळू ख्रिस्ती, वडील जुन्या रोमन देवतांना मानणारे. शिक्षणासाठी कार्थेजला गेल्यावर त्यांनी एका स्त्रीसोबत लग्नाविना संसार थाटला. अदेओदातुस हा मुलगा झाला. ३८४ मध्ये मिलानला वक्तृत्वकलेचे अध्यापकपद मिळाले. आणखी वर चढायचे तर घरंदाज सासर हवे. आईने स्थळ पाहिले. मुलगी इतकी लहान होती, की लग्नासाठी दोन वर्षे थांबावे लागणार होते. जिच्यासोबत इतकी वर्षे काढली, तिची रवानगी आफ्रिकेला झाली. मुलगा वडिलांकडेच राहिला.

लग्न झालेच नाही. ३८६ मध्ये ऑगस्टीन यांचे मन पालटले, त्यांनी ब्रह्मचर्य स्वीकारले आणि ३८७ च्या ईस्टरला बिशप अँब्रोज यांच्या हस्ते बाप्तिस्मा घेतला. सोबत मुलगाही होता. काही वर्षांतच तो वारला.

हे सगळे आपल्याला कळते ते ‘कन्फेशन्स’ या त्यांच्याच ग्रंथामुळे. एवढा मोठा धर्मगुरू स्वतःची वासना, लबाडी, लहानपणी केलेली पेरांची चोरीसुद्धा लिहून ठेवतो, हे त्या काळी नवलच होते. त्या स्त्रीचे नाव मात्र त्यात कुठेच नाही.

वारसा वादग्रस्त का?

आफ्रिकेत परतल्यावर ते हिप्पोचे बिशप झाले. ४१० मध्ये रोम लुटले गेले, त्याचे खापर ख्रिस्ती धर्मावर फुटू लागले. त्याला उत्तर म्हणून त्यांनी ‘सिटी ऑफ गॉड’चे २२ खंड लिहिले. न्याय्य युद्धाच्या चर्चेत आजही त्यांचा आधार घेतला जातो. पण डोनॅटिस्ट या फुटीर ख्रिस्ती गटाविरुद्ध सरकारी बळ वापरणे योग्य, असेही त्यांनी ठरवले. पुढे छळ करणाऱ्यांना हा दाखला आयताच मिळाला.

वँडल टोळ्यांचा हिप्पोला वेढा असतानाच २८ ऑगस्ट ४३० रोजी त्यांचे निधन झाले.

सर्वांत खोल परिणाम झाला तो मूळ पापाच्या त्यांच्या मांडणीचा. माणूस जन्मतःच दोषी, म्हणून बाप्तिस्म्याविना दगावलेल्या बाळालाही, सौम्य का होईना, शिक्षा आहेच, असे त्यांचे मत. स्वतःच्या दुबळ्या मनाचा अनुभव असलेल्या माणसाने तान्ह्या बाळांबाबत इतके कठोर व्हावे, हे पटायला जड जाते. मध्ययुगीन धर्मपंडितांनी अशा बाळांसाठी शिक्षा नसलेली ‘लिंबो’ ही वेगळी अवस्था कल्पिली, पण स्वर्ग बंदच राहिला. शतकानुशतके आईबापांनी हे दुःख बाळगले. अशा बाळांच्याही मुक्तीची आशा धरायला आधार आहे, असे व्हॅटिकनच्या धर्मशास्त्र आयोगाने मांडले, ते २००७ मध्ये.