राज्य गेलं, डाव मात्र वाढत गेला: बोर्ड गेमला ‘पुरवण्या’ जोडणाऱ्या म्हैसूरच्या राजाची गोष्ट

सुट्टीला कोडोलीत गेलो की संध्याकाळी आमच्या माडीवर पट मांडला जातो. पूर्वी कॅरम असायचा, हल्ली ‘कटान’ असतो. १९९५ मध्ये जर्मनीत आलेला हा खेळ: बेटावर वस्त्या वसवायच्या, लाकूड-विटा-धान्याची अदलाबदल करायची. मध्यंतरी एका मित्राने त्याची ‘सीफेअरर्स’ ही पुरवणी, म्हणजे एक्स्पान्शन आणली. जहाजं आली, नवी बेटं आली. त्या रात्री जेवायला तीन हाका आल्या तरी कुणी उठलं नाही. मग उत्साहाच्या भरात आणखी एक पुरवणी जोडली, आणि नियम वाचण्यातच तास गेला. दोघं मोबाईल काढून बसले, तिसरा झोपायला गेला.

एका पुरवणीने रंगत का वाढली आणि दुसरीने ती का घालवली? याचं उत्तर शोधताना एक राजा सापडला. नाव मुम्मडी कृष्णराज वडियार. मुम्मडी म्हणजे तिसरा. एकोणिसाव्या शतकात त्यांनी जुन्या खेळांना नवी पानं जोडण्याचा सपाटाच लावला होता.

पाच वर्षांचा राजा

कृष्णराज यांचा जन्म १४ जुलै १७९४ चा, श्रीरंगपट्टणचा. वडील चामराज नावापुरते राजे होते, सत्ता टिपू सुलतानची. १७९६ मध्ये वडील वारले, तेव्हा टिपूने गादीवर दुसऱ्या कुणाला बसवलंच नाही. मे १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं, टिपू मारला गेला आणि इंग्रजांनी वडियार घराण्यातल्या या मुलाला शोधून ३० जून रोजी गादीवर बसवलं. वय पुरतं पाच वर्षंही नाही. कारभार दिवाण पूर्णय्यांकडे गेला. हे तेच पूर्णय्या, जे आधी टिपूचे मंत्री होते.

मोठे झाल्यावर राजांनी कारभार हाती घेतला, पण तो फार काळ टिकला नाही. १८३०-३१ मध्ये नगर भागात शेतकऱ्यांचा उठाव झाला. गैरकारभाराचं कारण देऊन गव्हर्नर जनरल बेंटिंकने १८३१ मध्ये राज्याचा कारभार काढून घेतला. राजांना तनखा मिळाला, राजवाडा मिळाला, दसऱ्याचा दरबारही राहिला. फक्त निर्णय घ्यायचा नाही! वय होतं ३७.

आपल्याकडेही तेव्हा हेच चाललं होतं. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना १८३९ मध्ये गादीवरून उतरवून काशीला पाठवलं गेलं. १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर कोल्हापूरचा कारभार कंपनीने ताब्यात घेतला. त्या उठावात आमच्या कोडोलीच्या डोक्यावरचा पन्हाळाही होता.

कृष्णराज यांनी राज्य परत मिळावं म्हणून पुढची ३०-३५ वर्षं अर्ज-विनंत्यांचा पाठपुरावा सोडला नाही. उरलेला वेळ ग्रंथ, चित्रं आणि खेळ यांत घातला. सत्ता गेलेल्या माणसाने स्वतः नियम ठरवता येतील अशी जागा शोधली, असं मला वाटतं. तसा पुरावा अर्थातच देता येणार नाही.

९६, १२०, ३२०...

त्यांनी नेमकं काय केलं, हे समजायला आधी सावंतवाडीला जाऊ. तिथली गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, अनेकांनी निदान फोटोत तरी पाहिले असतील. त्यातला जुना मुघल पद्धतीचा जोड आठ रंगांचा. प्रत्येक रंगात एक ते दहा आकड्यांची दहा पानं, शिवाय राजा आणि प्रधान. आठ गुणिले बारा, एकूण ९६. सावंतवाडीत त्याला चंगकांचन म्हणतात. दशावतारी जोडात रंग दहा झाले, मत्स्यापासून कल्कीपर्यंत. पानं झाली १२०.

म्हणजे दशावतारी हीसुद्धा एका अर्थी पुरवणीच. पण तिने खेळाचा गाभा हलवला नाही. तिघं खेळणार, प्रत्येकाला ४० पानं. हुकूम नाही. दिवसा खेळत असाल तर रामाचा राजा ज्याच्याकडे तो सुरुवात करणार, रात्री कृष्णाचा राजा असलेला. गंमत अशी की पाच अवतारांत दहाचं पान मोठं आणि एक्का लहान, उरलेल्या पाचांत उलटं. कोणतं पान जाऊन चुकलं आणि कोणतं अजून कुणाच्या हातात आहे, हे डोक्यात ठेवणारा जिंकतो. पान हातात कोणतं येईल हे नशीब, पण ते कधी टाकायचं हे तुमच्या हातात. कटानमध्ये फाशावर सात पडला की लुटारू कुणाच्या शेतावर बसवायचा, हा जो क्षण असतो, तो याच जातीचा.

कृष्णराज यांनी इथून पुढे उडी मारली. त्यांच्या पत्त्यांना ‘छद’ म्हणत. त्यांच्या नावाच्या कृष्णराज छदात रंग चारच, पण प्रत्येकी १८ पानं, एकूण ७२. रंग कमी केले आणि चित्रांची पानं दोनावरून सहावर नेली. माझ्या मते ही हुशार रचना आहे: लक्षात ठेवायची पानं आवाक्यात, पण प्रत्येक रंगातली मोठ्या-छोट्याची उतरंड अधिक गुंतागुंतीची. दुसऱ्या टोकाला, कुलदेवतेच्या नावाचा चामुंडेश्वरी छद. १६ रंग, प्रत्येकी २० पानं, एकूण ३२०. एवढी पानं नुसती पिसायची म्हटली तरी चार माणसं लागतील!

हे सगळं त्यांनी ‘श्रीतत्त्वनिधी’ या सचित्र ग्रंथात नोंदवून ठेवलं. ग्रंथाचे नऊ भाग, बहुतेक देवदेवतांच्या रूपांचे. नववा ‘कौतुकनिधी’; त्यात हे पत्ते येतात. जाता जाता, याच ग्रंथात १२२ योगासनांची चित्रंही आहेत. योगाचा इतिहास शोधणारे अभ्यासक त्यासाठी हा ग्रंथ उघडतात आणि पत्त्यांची पानं उलटून पुढे जातात.

चौसष्ट घरं, एक घोडा

राजांचा दुसरा नाद बुद्धिबळातल्या घोड्याचा. घोड्याने अडीच घरांच्या चालीने पटावरच्या ६४ घरांत प्रत्येकी एकदाच जायचं, एकही घर चुकवायचं नाही, एकही दोनदा नाही. इंजिनिअरिंगला हा प्रश्न प्रोग्राम लिहून सोडवायला देतात. माझा प्रोग्राम ५८ व्या घरापर्यंत जायचा आणि अडकून मागे फिरायचा. राजांनी ही फेरी कागदावर सोडवली, तीही एकाहून अधिक प्रकारांनी.

इथे तर नवीन पान नाही, सोंगटी नाही, फासाही नाही. जुन्याच पटावर फक्त एक नवी अट. माझ्या मते त्यांची सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगली ‘पुरवणी’ हीच. आपल्या माडीवरच्या दुसऱ्या पुरवणीचं काय चुकलं, तेही इथे दिसतं. तिने आम्हाला लक्षात ठेवायला पंधरा गोष्टी दिल्या, पण ठरवायला एकही नवी दिली नाही. जहाजांनी मात्र प्रत्येक वळणावर नवा पेच टाकला होता: रस्ता बांधू की समुद्रात जाऊ?

३२० पानांचा डाव म्हैसूरच्या राजवाड्याबाहेर रुजला नाही. सावंतवाडीची १२० पानं मात्र तगली. तीही सहज नव्हे. विसाव्या शतकात रंगवणारे हात जवळपास संपले होते, तेव्हा शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यात कारागीर बसवून ती कला पुन्हा उभी केली.

अर्जाचं काय झालं?

कृष्णराज यांना मुलगा नव्हता. १८६५ मध्ये त्यांनी चामराजेंद्र यांना दत्तक घेतलं. दत्तक मानायचं की राज्य खालसा करायचं, हा प्रश्न लंडनपर्यंत गेला आणि १८६७ मध्ये निकाल राजांच्या बाजूने लागला. पुढच्याच वर्षी, २७ मार्च १८६८ रोजी ते वारले. कारभार वडियारांकडे परत आला तो १८८१ मध्ये, दत्तक मुलाच्या हाती.

त्यांचा लाकडी राजवाडा १८९७ मध्ये जळाला. आज पर्यटक जो झगमगता राजवाडा पाहतात तो त्यानंतरचा. राजांचे खेळ पाहायचे असतील तर तिथून थोडं चालत जगनमोहन पॅलेसला जावं लागतं. तो त्यांनीच १८६१ मध्ये बांधला, आता तिथे कलादालन आहे. दरबारी चित्रं पाहता पाहता रंगमहालाच्या भिंतींकडेही नजर टाका. राजांनी रचलेल्या खेळांचे पट तिथे रंगवलेले आहेत.