दुसरे टिळक

टिळक म्हटलं की आपल्याला पगडी, उपरणं आणि गणपती आठवतो. माझ्या रूममेटलाही तेच आठवलं. टेबलावर ‘स्मृतिचित्रे’ पडलेलं बघून त्याने विचारलं, लोकमान्यांच्या बायकोने पुस्तक कधी लिहिलं? मी सांगितलं, हे दुसरे टिळक. रेव्हरंड नारायण वामन टिळक. शाळेत ‘केवढे हे क्रौर्य’ पाठ केली होती ना, ते. मग त्याला ती पक्षीण आठवली, आणि कविता पाठ झाली नाही म्हणून खाल्लेल्या छड्याही आठवल्या.

मला हे टिळक शाळेच्या आधीपासून माहीत. आमचं गाव आष्टी तालुक्यात, नगर जिल्ह्याच्या शिवेला लागून. माझी आजी शाळेत कधी गेली नाही, पण टिळकांची भजनं तिला तोंडपाठ. रविवारी मंडळीत म्हणायचीच, भाकरी थापतानाही म्हणायची. लहानपणी मला वाटायचं की टिळक म्हणजे आमच्याच भावकीतले कोणीतरी असतील.

यंदा सबमिशनच्या दिवसांत एक गोष्ट घडली. फर्स्ट इयरचा एक पोरगा ड्रॉइंग समजावून घ्यायला रूमवर आला. मी त्याला माझी जुनी शीट दिली आणि सांगितलं, जीटी मारून टाक. दोन मिनिटांत विषय संपला. तो गेल्यावर मात्र झोप लागेना. मी असाच मराठी मिडियममधून आलो होतो, वर्गात ओ की ठो कळत नव्हतं, तेव्हा एका सीनियरने साबणाचा डबा हातात धरून, तो उलटासुलटा फिरवत, रात्री एकपर्यंत मला फ्रंट व्ह्यू आणि टॉप व्ह्यू दाखवला होता. दुसऱ्या दिवशी त्याचीच टेस्ट होती. फोनवर पप्पांना हे सांगितलं. ते रागावले नाहीत. लायब्ररीत ‘स्मृतिचित्रे’ असेल तर वाच, एवढंच म्हणाले.

तर टिळक. जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. आई लहानपणीच गेली, वडील कडक. पोरगा घर सोडून नाशिकला आला, तिथे संस्कृत शिकला. लग्न झालं जलालपूरच्या गोखल्यांच्या मुलीशी, त्याच लक्ष्मीबाई. पुढे मास्तरकी, कीर्तनं, कविता, आणि एका गावी फार दिवस टिकायचं नाही. हातात आलेला पैसा संध्याकाळपर्यंत उरत नसे. घर कसं चालायचं ते लक्ष्मीबाईंनाच माहीत.

१८९३ साली ते रेल्वेने राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक गोरा प्रवासी भेटला. दोघांच्या कवितेवर गप्पा रंगल्या. उतरायच्या आधी त्याने टिळकांना नवा करार हातात दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगून टाकलं. टिळकांना हे अजिबात पटलं नाही, पण वाचायचं मात्र त्यांनी कबूल केलं. डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत आले आणि पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. दोन वर्षं पुरती भरलीही नव्हती. गंमत म्हणजे त्या प्रवाशाचं नाव टिळकांना शेवटपर्यंत कळलं नाही. काम झालं का हे बघायलासुद्धा तो थांबला नाही!

पण इथे एक गोष्ट मला पटली नाही आणि ती लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. टिळकांनी हे पाऊल उचललं तेव्हा लक्ष्मीबाईंना विचारलं नव्हतं. पदरात लहानगा दत्तू, नवरा ‘बाटलेला’, आणि लोकांची तोंडं. बाई पंढरपूरला नातेवाइकांकडे राहिल्या, रडल्या, आजारी पडल्या. सगळ्या जगाला प्रेम शिकवायला निघालेल्या माणसाने घरात एवढी मोठी चूक केली.

त्यानंतर मात्र टिळक बदललेले दिसतात. बाई पुढे नगरला आल्या त्या आपलं सोवळं घेऊन. टिळक तापट होते, शिकवताना धीर सुटायचा, बायकोला अक्षरओळख करून देतानाही त्यांनी आरडाओरडा कमी केला नसेल. पण तुझा देव सोड आणि माझा धर, अशी बळजबरी त्यांनी केली नाही. लक्ष्मीबाईंनी स्वतःच विचार केला, जातपात माणसानेच केली आहे हे स्वतःच ठरवलं, आणि १९०० साली स्वतःच्या पायांनी चालत मंडळीत आल्या. टिळकांचा सगळ्यात मोठा शिष्य घरातच होता. तो घडला कसा, तर त्यांनी हात आखडता घेतला म्हणून!

नगरला टिळक अमेरिकन मराठी मिशनच्या सेमिनरीत शिकवायचे. १९०४ मध्ये ते पाळक झाले, १९१२ पासून ‘ज्ञानोदय’चा मराठी भाग बघू लागले. तुकारामांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताच्या पायाशी पोचलो असं ते सांगत. म्हणून त्यांची भजनं अभंगात आणि ओवीत आहेत. शंभराहून जास्त आहेत. लोकांशी बोलायचं तर लोकांच्या छंदात बोलावं, हे मुकुंदराजांच्या अंबाजोगाईत राहणाऱ्या आपल्याला वेगळं सांगायला नको. त्यामुळेच तर माझ्या आजीला ती न वाचता पाठ झाली.

त्यांचं घर म्हणजे एक हॉस्टेलच होतं, बिनफीचं. दुष्काळात आणि प्लेगमध्ये अनाथ झालेली लेकरं घरात असायची. आणि त्याच घरात एक हळवा, लहरी पोरगाही येऊन राहिला. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, धरणगावचा. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात सतरा वर्षांच्या या पोराने मोठमोठ्या कवींपुढे कविता म्हटली आणि तो ‘बालकवी’ झाला. टाळ्या सगळ्यांनीच वाजवल्या असतील. घरी नेऊन जेवायला घातलं आणि ठेवून घेतलं ते टिळकांनी. लक्ष्मीबाईंनी त्याचे रुसवेफुगवे आईसारखे सोसले. तो ख्रिस्ती झाला नाही, आणि त्यावाचून या घराचं काही अडलं नाही. ‘फुलराणी’, ‘औदुंबर’ लिहिणारा हा पोरगा ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली सापडून गेला. अठ्ठावीस वर्षंसुद्धा पूर्ण झाली नव्हती.

तोपर्यंत टिळकांनी मिशनची नोकरी सोडून दिली होती. १९१७ मध्ये त्यांनी संन्यास घेतला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्तावर प्रेम करणारे सगळे तिथे एकत्र बसावेत, परदेशी पैसा नको, परदेशी थाट नको, एकाने दुसऱ्याला तयार करावं, अशी ती कल्पना. पण वेळच मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक वारले. दरबार त्यांच्या मनात होता तेवढा काही वाढला नाही.

टेबलावर आणखी एक अर्धवट काम राहिलं होतं. ‘ख्रिस्तायन’. येशूचं चरित्र ओवीत लिहायचं असं टिळकांनी मनावर घेतलं होतं, पण थोडेच अध्याय झाले. ते पुढे कोणी लिहिलं? ज्यांना अक्षरओळख करून देताना मास्तरांचा धीर सुटत होता त्या लक्ष्मीबाईंनी. अध्यायामागून अध्याय. त्या १९३६ मध्ये गेल्या तेव्हा उरलेला शेवट मुलाने, देवदत्तने केला, आणि १९३८ मध्ये ग्रंथ छापून आला. मधल्या काळात, मुलगा वडिलांच्या चरित्राची माहिती गोळा करत होता म्हणून, बाईंनी आठवणी सांगायला सुरुवात केली. तीच ‘स्मृतिचित्रे’. आज टिळकांच्या सगळ्या पुस्तकांपेक्षा हे एकच पुस्तक जास्त वाचलं जातं.

मी ते दोन रात्रींत संपवलं. तिसऱ्या रात्री त्या ज्युनियरची रूम शोधत ‘बी’ विंगला गेलो. जीटी मारलेली शीट सरांनी रिजेक्ट केली होती, त्यामुळे तो माझ्याशी आधी नीट बोललाच नाही. साबणाचा डबा मी बरोबर नेला होता. साडेबारापर्यंत फ्रंट व्ह्यू झाला, साइड व्ह्यू अर्धा राहिला.

काल तो परत आला, आणि सोबत आणखी दोघांना घेऊन आला. रूममध्ये तीन जणांना बसायला जागा नाही. रूममेट वैतागून कॉरिडॉरमध्ये गेला, जाताना ‘स्मृतिचित्रे’ घेऊन गेला. लायब्ररीची तारीख उलटून गेली आहे, दंड कोणी भरायचा हे अजून ठरलेलं नाही.