देवीला साडी नेसवणारा चित्रकार : राजा रविवर्मा

गणपतीत किंवा नवरात्रात मुलांच्या वेशभूषेचा कार्यक्रम असला, की एखादी छोटी लक्ष्मी किंवा सरस्वती हमखास असते. काठापदराची साडी, मोकळे केस, डोक्यावर मुकुट, हातात कमळ नाहीतर वीणा. हा वेश कुठून आला, असं आपण कुणी विचारत नाही. देवी अशीच दिसते, एवढं आपल्याला ठाऊक असतं. पण देवी घरोघरी अशी दिसू लागली त्याला सव्वाशे-दीडशे वर्षंच झाली आहेत, आणि त्यामागे मुख्यतः एका चित्रकाराची निवड आहे. त्यांचं नाव राजा रविवर्मा.

त्यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी त्रावणकोर संस्थानातल्या किळिमानूरचा. मामा स्वतः चित्रं काढत. भाच्याचा हात पाहून त्यांनी त्याला चौदाव्या वर्षी तिरुवनंतपुरमला महाराज आयिल्यम तिरुनाळ यांच्या दरबारी नेलं. तैलरंग तेव्हा आपल्याकडे नवे होते आणि ते शिकवायला कुणी सहजासहजी तयार नसे. १८६८ साली थिओडोर जेन्सन हे युरोपीय चित्रकार दरबारात आले. त्यांनी शिकवलं नाही, पण काम करताना पाहू दिलं. उरलेलं सगळं रविवर्मा स्वतःच्या चुकांमधून शिकले. १८७३ साली मद्रासच्या प्रदर्शनात केस माळणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्राला सुवर्णपदक मिळालं, आणि त्यांचं नाव संस्थानाबाहेर गेलं.

कपडा ही त्यांच्या मुलखात साधी गोष्ट नव्हती. कोणत्या जातीच्या बाईने छाती झाकावी आणि कोणत्या जातीच्या बाईने नाही, यावरून तिथे दंगे झाले होते. १८५९ साली राजाज्ञेने नाडार स्त्रियांना अंग झाकण्याची मुभा मिळाली, तीही वरच्या जातींसारखं वस्त्र घ्यायचं नाही या अटीवर. तेव्हा रविवर्मा अकरा वर्षांचे होते. बाईच्या अंगावरच्या वस्त्रावरून तिची पायरी ठरते, हे ते पाहतच वाढले.

१८८८ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना पुराणकथांवरची चौदा चित्रं काढायला सांगितली. आता प्रश्न आला : दमयंती, सीता, द्रौपदी यांना नेसवायचं काय? रविवर्मा आणि त्यांचे धाकटे भाऊ सी. राजा राजा वर्मा या शोधात उत्तर हिंदुस्थानात काही महिने हिंडले. जागोजागी वेश निराळा. सगळ्या देशाला आपला वाटेल असा एकच पोशाख काही सापडेना. शेवटी त्यांनी साडी निवडली. पदर कसा पडतो, निऱ्या कशा बसतात, हे त्यांनी मुंबईत आणि आपल्या मराठी मुलखात जवळून पाहिलं होतं. मराठी आणि पारशी नाटकंही ते आवडीने पाहत.

ही चित्रं बडोद्याला पोहोचण्याआधी त्रिवेंद्रम आणि मुंबईत लोकांसाठी मांडली गेली, आणि पाहायला झुंबड उडाली. राजवाड्याच्या भिंतीवर जायची चित्रं सामान्य माणसं डोळे भरून पाहत होती. यातूनच १८९४ साली मुंबईत गिरगावात रविवर्मांचा शिळाछापखाना उभा राहिला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. धंद्याने कर्ज वाढवलं आणि अखेर छापखाना विकावा लागला, पण चित्रं थांबली नाहीत. ज्यांना देवळाच्या आत पाऊल टाकता येत नव्हतं, त्यांच्याही भिंतीवर लक्ष्मी आली. घरच्या बायका त्या छापील देवीला जर, टिकल्या आणि खऱ्या कापडाचे तुकडे चिकटवून सजवत. माणसांनी चित्रासारखं नटण्याआधी चित्रालाच असं नटवलं गेलं!

आपल्या शहराशी त्यांचा संबंध जरा हुरहूर लावणारा आहे. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला दोघे भाऊ निजामांकडून काम मिळेल या आशेने इथे आले. नामवंत छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांच्याकडे ते उतरले. वाट पाहिली, पण दरबाराकडून मनाजोगतं काम हाती आलं नाही, आणि ते परतले. तरी हैदराबादने त्यांना अगदीच रिकाम्या हाताने पाठवलं असं आम्हाला वाटत नाही. सालारजंग संग्रहालयात आज त्यांची चित्रं आहेत, आणि आपल्यापैकी कितीतरी घरांच्या जुन्या देवघरात त्यांच्याच छापाच्या तसबिरी आहेत.

१९०५ साली सावलीसारखा सोबत असलेला भाऊ गेला. मधुमेहाने थकलेले रविवर्मा २ ऑक्टोबर १९०६ रोजी गेले. पुढे बालगंधर्वांनी रंगभूमीवर साडी-दागिन्यांची जी ऐट उभी केली, तिच्यावरही या चित्रांची छाप होती. २०२० साली छायाचित्रकार जी. वेंकट राम यांनी एका दिनदर्शिकेसाठी शोभना, रम्या कृष्णन, समंथा, लक्ष्मी मंचू अशा अभिनेत्रींना थेट रविवर्मांच्या नायिकांच्या वेशात उभं केलं, तेव्हा ती चित्रं पुन्हा घरोघरी फिरली.

त्यांच्यावर टीकाही झाली. चित्रं नाटकी आहेत, परदेशी वळणाची आहेत, असं बंगालच्या कलावंतांना वाटे. आम्हाला मात्र दुसरीच गोष्ट जाणवते. एक साडी देवीची ठरली, तेव्हा बाकीची नेसणं मागे पडली. तेलंगणातल्या शेतकरी बाईची कासोट्याची गोची किंवा आपल्या पणजीची रोजची सुती नऊवारी त्या सोनेरी चौकटीत क्वचितच आली. रविवर्मांना याची जाण नव्हती असं नाही. म्हैसूरला असलेल्या त्यांच्या एका चित्रात अकरा वादक-गायक स्त्रिया वेगवेगळ्या प्रांतांच्या पेहरावात एकत्र बसल्या आहेत.

पुढच्या वेशभूषेच्या कार्यक्रमाला लक्ष्मी-सरस्वती तर असूच द्याव्यात. पण त्यांच्या शेजारी आजीने स्वतःच्या हाताने नेसवलेली एखादी गोची, एखादी सुती नऊवारीही असू द्यावी. नेसवून देणारे हात आपल्या घरात आहेत, तोवर ते शिकून घेतलेलं बरं.